पडद्यावर तीच वस्तू दुसऱ्यांदा दिसते तेव्हा: सिनेमा नीट पाहायची एक पद्धत

पिक्चर सुटल्यावर चहाच्या गाड्यावर दोन तऱ्हेची माणसं भेटतात. एकाला ‘भारी होता बे’ याच्या पुढं काही सांगता येत नाही. दुसऱ्याला फारच सांगता येतं. लाल साडी म्हणजे क्रांती, खिडकी म्हणजे स्वातंत्र्य, पाऊस म्हणजे दुःख, आणि पिंजरा दिसला की विचारूच नका. माझं भांडण दुसऱ्याशी जास्त आहे. पहिल्यानं निदान पिक्चर पाहिलेला असतो. दुसरा अर्थांची यादी आधीच पाठ करून आलेला असतो आणि पडद्यावर काय चाललंय त्याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसतं.

वस्तूचा अर्थ त्या पिक्चरमध्येच, त्या दोन-अडीच तासांत तयार होतो. ती कुणाच्या हातात आहे, कुणाला हवी आहे, मघाशी कुठं होती आणि आता कुठं गेली, यावरून तो कळतो. हे पकडायची सवय लावता येते. आम्ही सोलापुरात काही जण अधूनमधून कुणाच्या तरी घरी जमून पिक्चर पाहतो, त्यातून बसत गेलेली ही पद्धत आहे. कॉलेजातल्या पोरांना प्रोजेक्टसाठी चालेल, शिक्षकांना वर्गात चालेल, आणि नुसतंच नीट पाहायचं असेल त्यालाही चालेल.

पिक्चर निवडा, आणि ओळखीचा निवडा

पहिल्यांदाच परदेशी, अवघड, तीन तासांचं काही घेऊ नका. आधी पाहिलेला पिक्चर घ्या. पुढं काय होणार याची ओढ संपलेली असली की डोळे मोकळे होतात. शक्यतो ज्या मुलखाची तुम्हाला माहिती आहे तिथला घ्या. आपल्याकडं त्याची चैन आहे. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. त्यांचे ‘फँड्री’ (२०१३) आणि ‘सैराट’ (२०१६) पाहताना ती माती, ती बाभळ, ते बोलणं आपल्याला समजून घ्यावं लागत नाही. पुण्या-मुंबईच्या समीक्षकाला जे ‘ग्रामीण वातावरण’ वाटतं, ते आपल्याला एसटीच्या खिडकीतून दिसतं. या लेखात मी मुख्यतः हेच दोन घेतले आहेत. दोन्हींचा शेवटही सांगणार आहे, तेव्हा पाहिले नसतील तर आधी पाहून या.

पहिल्या वेळी वही जवळ ठेवू नका, सरळ पाहा. दुसऱ्या वेळी वही, पेन आणि पॉझचं बटण. दुसऱ्या वेळी अख्खा पिक्चर पाहायचीही गरज नाही. पहिली दहा मिनिटं, शेवटची दहा मिनिटं आणि मधला मनात राहिलेला एक सीन, एवढं पुरतं.

आधी नुसतं लिहा: काय दिसतं, काय ऐकू येतं

सगळ्यात कंटाळवाणी पायरी हीच, आणि लोक टाळतात तीही हीच. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडं दिसतं ते, उजवीकडं ऐकू येतं ते. या पानावर काही शब्दांना बंदी: प्रतीक, दर्शवतो, सूचित करतो, जणू. ‘जब्या (‘फँड्री’तला मुख्य पोरगा) दुःखी आहे’ हेही चालणार नाही. दुःख कॅमेऱ्याला दिसत नसतं. खाली घातलेली मान दिसते.

‘फँड्री’तल्या जत्रेचा सीन घ्या. पालखीची मिरवणूक चालली आहे आणि जब्याला डोक्यावर बत्ती घेऊन उभं राहावं लागतं. डाव्या रकान्यात असं काहीतरी येईल: ‘रात्र. डोक्यावर बत्ती. ती धरायला हात वर अडकलेले. उजेड समोर नाचणाऱ्यांवर. नाचणारे त्याच्याच वयाचे, थोडे मोठे. हा जागेवरून हलू शकत नाही.’ उजवीकडं वाजंत्री, आरडाओरडा, गुलालातली गर्दी. बस.

आता ते पान पुन्हा वाचा. जत्रेला उजेड देणारा पोरगाच जत्रेत नाही. हे कुणी संवादात बोललेलं नाही, तुम्हीही यादीतून आणलेलं नाही. हात वर अडकलेत हे लिहिलं म्हणून ते सापडलं. ‘बत्ती म्हणजे ज्ञानाचा प्रकाश’ असं लिहून मोकळं झालेल्याच्या हातून ते सुटलं असतं. अर्थ तर जवळजवळ उलटाच निघाला असता.

मग पुनरावृत्ती शोधा

माझा साधा नियम आहे. वस्तू एकदा दिसली तर ती वस्तू. दुसऱ्यांदा दिसली तर वहीत खूण करा. तिसऱ्यांदा दिसली आणि तिच्याभोवतीची परिस्थिती बदललेली असली, तर तिच्याबद्दल बोलायचा अधिकार तुम्हाला मिळाला.

याचा उत्तम धडा सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’त (१९५५) आहे. शेजारच्या घरातली मण्यांची माळ हरवते. आळ दुर्गावर येतो, ती नाही म्हणते, आईचा मार खाते. नंतर ती तापानं जाते. शेवटी कुटुंब गाव सोडायला निघतं, सामानाची आवराआवर चाललेली असताना अपूच्या हाताला ती माळ लागते. तो कुणाला सांगत नाही. पळत जाऊन तळ्यात फेकतो. पाण्यावरचं शेवाळ बाजूला होतं आणि हळूहळू पुन्हा मिटतं. माळ तीच, पण पहिल्यांदा ती चोरीचा मुद्देमाल आहे आणि शेवटी भावानं बहिणीचं झाकलेलं गुपित आहे. मधे एका मरणाचं अंतर आहे. ‘माळ म्हणजे काय?’ या प्रश्नाला उत्तर नाही. ‘माळ कुठून कुठं गेली?’ याला आहे.

लोकप्रिय पिक्चर हेच जरा मोठ्या आवाजात करतात. ‘दीवार’मधला ७८६ नंबरचा बिल्ला आठवा. आधी जीव वाचवतो, शेवटी हातातून निसटतो. काही लोक याला नाकं मुरडतात, मला त्यात काही वाईट दिसत नाही. थेटरातल्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं असेल तर खूण ठळकच हवी.

‘फँड्री’त डुक्कर आणि काळी चिमणी या दोन प्राण्यांचा पाठलाग समांतर चालतो. एक दारात आहे आणि नको आहे, दुसरी हवी आहे आणि सापडत नाही. वहीत दोन रांगा करा आणि प्रत्येक वेळी कोण कुणाच्या मागं लागलंय ते लिहा. पंधरा-वीस मिनिटांत पिक्चरचा सांगाडा समोर येतो. हे मी इथं सोडवून दाखवत नाही, कारण स्वतः केल्याशिवाय त्यात गंमत नाही.

एक इशारा. सगळ्याच वस्तू काही सांगत नसतात. स्वयंपाकघरात तांब्या असतो कारण स्वयंपाकघरात तांब्या असतोच. कॅमेरा त्याच्याजवळ गेला, किंवा कुणी तो उचलून दुसरीकडं ठेवला, तर बघू.

फ्रेम थांबवा

पॉझ करून चारच गोष्टी पाहा: कॅमेरा किती उंचीवर आहे, माणूस किती जवळ आहे, मधे काय आडवं आलंय, आणि मागं काय आहे. खालून दाखवलं म्हणजे माणूस ताकदवान, वरून दाखवलं म्हणजे दुबळा, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. निम्म्या वेळा ते खरं निघतं, निम्म्या वेळा नाही. तेव्हा सूत्र बाजूला ठेवा आणि त्याच पिक्चरमध्ये तुलना करा. बापाला कसं दाखवलं, सावकाराला कसं, पोराला शाळेत कसं आणि घरी कसं?

मागं काय आहे, याचं ‘फँड्री’त ठसठशीत उदाहरण आहे. पकडलेलं डुक्कर बांबूला उलटं बांधून जब्याच्या घरचे नेतात आणि ते शाळेच्या भिंतीजवळून जातात. भिंतीवर डॉ. आंबेडकर, सावित्रीबाई फुले यांची चित्रं रंगवलेली. भिंत स्थिर, माणसं चालताहेत. कुणी वर बघत नाही, संगीत इशारा देत नाही. अशा भिंती आपल्या जिल्ह्यात गावोगावी आहेत, आपण रोज त्यांच्यावरून जातो. चित्रं तीच, भिंत तीच, त्यांच्यासमोरून काय चाललंय तेवढं दिग्दर्शकानं ठरवलं.

कट: मोबाइलवर करून पाहायचा प्रयोग

दोन शॉट शेजारी ठेवले की तिसरंच काही मनात उमटतं. सुमारे शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशॉव्ह या दिग्दर्शकानं हे करून दाखवलं. नटाचा भाव नसलेला चेहरा, त्याच्या पुढं कधी सुपाची वाटी, कधी शवपेटी. चेहऱ्याचा तुकडा तोच. पाहणाऱ्यांना मात्र त्यात कधी भूक दिसली, कधी दुःख.

वाचून हे पटतं, पण करून पाहिलं की अंगात भिनतं. घरातल्या कुणालाही खिडकीजवळ बसवा. ‘काही करू नका, नुसतं समोर बघा’ असं सांगून दहा सेकंद शूट करा. सोलापुरी बाप असेल तर भाव नसलेला चेहरा मागावा लागणार नाही. मग तीन वेगळे शॉट घ्या: बंद पडलेला माग, ताटातली कडक भाकरी आणि शेंगा चटणी, आणि सिद्धेश्वर तळ्याचं संध्याकाळचं पाणी. मोबाइलमधल्या कुठल्याही फुकटच्या ॲपवर चेहरा–माग–चेहरा, चेहरा–भाकरी–चेहरा, चेहरा–पाणी–चेहरा असे तीन तुकडे जोडा आणि तीन वेगवेगळ्या माणसांना एकेक दाखवा. ‘यांच्या मनात काय चाललंय?’ एवढंच विचारा. त्यांचं उत्तर लिहून घ्या आणि मग त्यांना सांगा की चेहरा एकच होता.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या, म्हणजे विणकरांच्या वस्तीतल्या माणसाला मागाचा तुकडा दाखवलात तर उत्तर बहुतेक थेट पोटापाण्याचं येईल. होटगी रोडच्या बंगल्यात तोच तुकडा दाखवला तर कदाचित ‘जुन्या आठवणी’ असं ऐकायला मिळेल. म्हणजे कट अर्ध काम करतो, उरलेलं पाहणारा घरून घेऊन आलेला असतो. पुढचा सगळा वाद त्यावरच आहे.

डोळे मिटून ऐका

एखादा सीन पडद्याकडं पाठ करून ऐका. व्ही. शांताराम यांच्या ‘कुंकू’त (१९३७) पार्श्वसंगीत ठेवलेलंच नाही; जे ऐकू येतं ते त्या घरातलं, त्या रस्त्यावरचं. म्हाताऱ्या नवऱ्याच्या घरातलं घड्याळ म्हणूनच एवढं अंगावर येतं. ‘सैराट’ उलट टोकाचा. आधी भरगच्च वाद्यवृंद, आणि शेवटी आवाजच काढून घेतलेला. लेकरू रक्तात पाय भरून बाहेर चालत येतं आणि थेटरात कुणाच्या तरी खुर्चीची करकर तेवढी ऐकू येते. तो शेवट घरी एकदा आवाज असल्याची कल्पना करून पाहा, रडणं आणि व्हायोलिन घालून. लगेच स्वस्त होतो.

कोण दिसतं, कुणाच्या नजरेतून, कुणाच्या भाषेत

इथं थोडं जास्त थांबू या, कारण चर्चेत सगळ्यात जास्त आरडाओरड याच पायरीवर होते आणि सगळ्यात कमी पुरावा इथंच दिला जातो.

आधी हजेरी घ्या. पिक्चरमधल्या माणसांची यादी करा आणि प्रत्येकापुढं लिहा: नाव आहे का? काम करताना दिसतो का? एकटा असताना कॅमेरा त्याच्याबरोबर राहतो का? निर्णय घेतो का, की नुसती बातमी आणतो? मोलकरीण दार उघडून पाणी देऊन जाते. तिचं नाव आपल्याला कळतं का? अमेरिकेतल्या ॲलिसन बेक्डेल यांच्या १९८५ च्या एका कॉमिकमधून एक चाचणी प्रसिद्ध झाली: दोन बायका आहेत का, त्या एकमेकींशी बोलतात का, आणि पुरुष सोडून दुसऱ्या कशाबद्दल बोलतात का. सुरुवातीला बरी आहे, पण तिच्यावर थांबू नका. चाचणीत पास झालेला पिक्चर बायकांबद्दल वाईट असू शकतो आणि नापास झालेला चांगला.

त्यापेक्षा बाईच्या हातात काय आहे ते पाहा. ‘सैराट’मधली आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते. टाळ्या पडतात. पण ट्रॅक्टर कुणाचा? पाटलाचा. तिचा धीटपणा खरा आहे, तरी त्याला बापाच्या जमिनीचं बळ आहे, आणि हैदराबादला पोचल्यावर ते बळ काढून घेतलं जातं. ‘स्त्री सक्षम दाखवली आहे’ एवढंच लिहिणाऱ्याच्या नजरेतून पिक्चरची निम्मी धार निसटते. त्या मुलीचं स्वातंत्र्य आणि तिची जात एकाच ट्रॅक्टरवर बसून येतात.

भाषा. हा प्रश्न सोलापूरकरानं विचारायचा नाही तर कुणी? आपल्या एका रिक्षात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दख्खनी उर्दू अशा चार भाषा बसतात. ‘सैराट’च्या उत्तरार्धात हैदराबादेत आर्ची आणि तिच्याबरोबर पळून आलेला परश्या यांच्याभोवती तेलुगू बोललं जातं. नाशिकच्या प्रेक्षकाला ते त्या दोघांसारखंच कळत नाही, म्हणून तो त्यांच्याइतकाच बावरतो. आपल्याकडच्या तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरातल्या पोरीला मात्र प्रत्येक शब्द कळतो. तिच्यासाठी त्या गल्लीत परकं कोण? एकाच सीनचे दोन अनुभव, आणि दोन्ही खरे. तुमच्या गटात तेलुगू बोलणारं कुणी असेल तर हा सीन त्यांना आधी बोलू द्या.

मग उलटं विचारा: जे शहर आपल्याला माहीत आहे ते पडद्यावर कुठं आहे? विड्या वळणाऱ्या बाया, मागाच्या आवाजात अभ्यास करणारी पोरं, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत बाराबंदी घालून नंदीध्वज पेलणारे. यातलं काही दिसलंच तर बहुतेक गाण्याच्या मागं दोन सेकंदांचा रंगीत तुकडा म्हणून. जे दाखवलं जात नाही त्याचीही एक यादी वहीत असू द्या.

दुसऱ्याची बाजू घेणं किती अवघड असतं हे पाहायला ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ (१९४६) घ्या. द्वारकानाथ कोटणीस आपल्या सोलापूरचे. १९१० चा जन्म, १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, १९४२ मध्ये तिथंच वारले. शांताराम यांनी पिक्चर काढला आणि कोटणीसांची भूमिका स्वतः केली. त्यांच्या चिनी पत्नीची भूमिका जयश्री यांनी केली. त्या काळात दुसरा मार्ग किती होता, हा प्रश्न रास्त आहे. तरीही पाहताना दोन रकाने करा: चीन आणि चिनी माणसं म्हणून काय दाखवलंय, आणि भारतीय प्रेक्षकाला १९४६ मध्ये स्वतःबद्दल काय ऐकायचं होतं. स्वातंत्र्य दारात उभं होतं. आपल्यातला एक डॉक्टर परक्या देशासाठी जीव देतो, ही गोष्ट तेव्हा कशासाठी सांगितली असेल? पिक्चरला शिव्या न घालता आणि गावाचा माणूस म्हणून आरतीही न ओवाळता हे लिहून पाहा. जमतं, पण वेळ लागतो.

शेवटी नजर. ‘फँड्री’तली डुकराची शिकार घ्या. जब्याचं घर डुकरामागं धावतंय आणि गाव कडेला बसून सामना बघावा तसं बघतंय, हसतंय. शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं, सगळे जागच्या जागी थांबतात, डुक्कर निघून जातं. थेटरात इथं हशा येतो. मलाही हसू आलं होतं. आता पॉझ करा आणि मोजा: पडद्यावर हसणारे किती, आणि त्यांच्याबरोबर हसणारे आपण कुठं बसलो आहोत? शेवटी जब्या दगड उचलतो आणि तो थेट कॅमेऱ्याच्या दिशेनं येतो. दगडाचा अर्थ शोधत बसायची गरज नाही, दिशा बघा. मघापासून कडेला बसून बघणाऱ्यांत कॅमेरा होता आणि कॅमेऱ्याच्या मागं आपण.

गोष्टीचा क्रम

यावर थोडक्यात, कारण लोकांना कथानक आधीच चांगलं कळतं. कथेत काय घडलं ते सोडा. कधी सांगितलं आणि काय लपवलं, ते लिहा. ‘सैराट’मधली गाणी सगळी पळून जाण्याआधी संपतात. पूर्वार्ध आपल्याला ओळखीच्या प्रेमकथेची सवय लावतो आणि उत्तरार्ध ती सवय मोडतो. पहिला भाग लांबला, असं म्हणणाऱ्यांना मी हेच सांगतो की तो लांबला नसता तर दुसरा लागला नसता. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) कोर्टाला सुट्टी लागते, खोलीतले दिवे मालवतात, पडदा काळा होतो. प्रेक्षक उठायला लागतो. पिक्चर संपलेला नसतो. पुढं न्यायाधीशांची सहल येते. काळ्या पडद्यावर शेवट केला असता तर तो खटल्याचा पिक्चर झाला असता. सहल जोडल्यावर तो निवाडा देणाऱ्या माणसाचाही झाला.

आता लिहा, आणि विरुद्ध पुरावा सोडू नका

एक वाक्य लिहा, ज्याला कुणीतरी ‘छे, चूक’ म्हणू शकेल. ‘फँड्री जातीवर भाष्य करतो’ याला कुणी नाही म्हणणार नाही, म्हणून ते निरुपयोगी. ‘फँड्री जब्यापेक्षा त्याच्याकडं बघणाऱ्यांबद्दल जास्त आहे’ हे चालेल. त्याखाली तीन सीन लिहा, मिनिट-सेकंदासकट. मग चौथा सीन असा शोधा जो तुमच्या वाक्यात बसत नाही. माझ्या वाक्याला जब्या आणि सायकल दुकानवाल्या चंक्याचे सीन आडवे येतात: तिथं गाव नाही, बघ्या कुणी नाही, आणि पिक्चर तिथं सगळ्यात मऊ होतो. म्हणून वाक्य बदलावं लागतं किंवा त्यात ‘तरीही’ घालावं लागतं.

गटात चर्चा असेल तर एक अट ठेवा. मुद्दा मांडणाऱ्यानं सीन लावून दाखवायचा. रिमोट मधे ठेवा. पहिल्या दिवशी लोक वैतागतात, आवाज चढतो, कुणीतरी ‘वाटतं मला तसं’ म्हणून रुसून बसतं. मग कुणी तरी तो सीन लावतो, आणि ज्या लाल साडीवरून अर्धा तास भांडण चाललं होतं ती निळी निघते.